लेकीला वाघळं मोजायचीत आणि बापाला झोप नाही

पत्र थोडक्यात: देवगड तालुक्यातले एक आंबा बागायतदार लिहितायत. वय पन्नाशीच्या पुढे. मोठी मुलगी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालीय, मार्क चांगले. घरात ठरलेलं असं की आता बी.एड., मग जवळच्या हायस्कुलात नोकरी, मग लग्न. पण कॉलेजात असताना ती देवराईतल्या वडावरच्या वाघळांच्या (वटवाघळांच्या) नादी लागली, संध्याकाळी वही घेऊन मोजत बसायची. आता परराज्यातल्या एका वटवाघळांच्या प्रोजेक्टवर सहा महिने फील्ड असिस्टंट म्हणून बोलावणं आलंय, मानधन जेमतेम. त्यानंतर तिला वाइल्डलाइफमध्ये एम.एस्सी. करायचंय. आजी म्हणते, "चेडवाक अवदसा आठवली हा." वाघळांकडून येणाऱ्या निपाह आजाराच्या बातम्या आल्यापासून गावात वडाखाली फटाके लावायची भाषा चालू आहे, मुलगी त्याला आडवी जाते आणि लोक बापाला बोलतात. रत्नागिरीहून एक स्थळ आलंय, त्यांनी मुलगी काय करते विचारलं तेव्हा "झूलॉजी" सांगून वेळ मारून नेली. शेवट त्यांच्याच शब्दांत: "ताई, ज्या जनावराने माझे आंबे खाल्ले त्याच्यापाठी माझ्या मुलीने आयुष्य घालवायचं का? तिला कसं समजावू?"

भाऊ, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी बाजूला ठेवूया. "कसं समजावू" विचारताय म्हणजे निकाल तुम्ही लावून टाकलाय, आता तो फक्त तिच्या गळी कसा उतरवायचा एवढंच माझ्याकडून हवंय. ते काही मी करणार नाही. पण खरं सांगू, तुमचा निकाल तेवढा पक्का आहे असंही मला वाटत नाही. नाहीतर पावसात वडावरची वाघळं कमी होतात आणि थंडीत परत वाढतात हे तिच्या वहीतलं तुम्ही मला एवढं सविस्तर कशाला लिहिलं असतंत? वही तुम्ही वाचलीय. तिला सांगितलंय का वाचली म्हणून?

पत्रात चार गोष्टींची भीती एकात एक मिसळलीय, आंबा, आजार, पैसा आणि लोक, आणि चारही मिळून एकच वाटतंय की मुलीचं डोकं फिरलंय. मला तरी यात डोकं फिरल्यासारखं काही दिसत नाही.

आंब्यापासून सुरू करते कारण राग तिथला आहे. हापूस आपण झाडावर पिकू देतो का? चौदा आणे झाला की झेल्याने उतरवतो आणि आढी लावतो. वाघूळ येतं वासावर, त्याला पिकलेलं मऊ फळ लागतं. म्हणजे तुमच्या बागेत त्याच्या वाट्याला येतात ते मुख्यतः शेंड्याला राहून गेलेले आंबे, झाडपिके आणि किडीने आधीच पिकलेले. नुकसान शून्य आहे असं मी म्हणत नाहीये. चिकू, पेरू, जाम लावणाऱ्यांना विचारलंत तर ते वेगळंच सांगतील आणि ते खोटं नसेल. पण तुमच्या बागेचा हिशोब तुमच्या बागेत काढा ना. येत्या सीझनला दहा-बारा कलमं ठरवा आणि रोज सकाळी खाली पडलेल्या प्रत्येक फळावर कोणाचे दात आहेत ते बघा. वानर ओरबाडतं, दोन चावे घेऊन फेकतं, कच्चंसुद्धा सोडत नाही. खार एका बाजूने कुरतडत जाते. वाघळाची खूण वेगळी असते, ते गर तोंडात घेऊन टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं, तुम्ही बागेत पाहिल्या असतील त्या चपट्या तंतूंच्या गोळ्या, त्यांच्यावर कधीकधी टाळूच्या वळ्या अगदी स्पष्ट उमटलेल्या असतात. हाताने उचलू नका, काडीने उलटी करून बघा. सीझनच्या शेवटी वानरं किती, खारी किती, वाघळं किती, किडीचं किती, असे आकडे वहीत येतील. आणि हे काम लेकीबरोबर करा, नाहीतर ती निघून गेली तर तिने शिकवल्यासारखं करा आणि आकडे फोनवर कळवत जा. तिचं पुढचं सगळं काम असंच असणार आहे, त्यामुळे ती नेमकं काय करायला निघालीय ते तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा यातून जास्त कळेल.

फळं वाचवायचीच असतील तर पेपर बॅग लावा, तसंही कोकण कृषी विद्यापीठवाले ते सांगतातच. पातळ नायलॉनची ढिली जाळी मात्र झाडावर टाकू नका, त्यात वाघूळ अडकून तडफडून मरतं आणि मग ते सोडवायच्या नादात माणूस चावून घेतो.

दुसऱ्या बाजूचा हिशोब आपल्याकडे कोणी मांडतच नाही. वाघूळ फळ तोडतं आणि बऱ्याचदा तिथेच न बसता दुसऱ्या झाडावर नेऊन खातं. काजूचं बोंड चोखून बी खाली टाकतं, आणि त्या झाडाखालच्या बिया सकाळी उठून गोळा करणारी माणसं कोकणात आहेत, तुमच्या गावातही असतील. किनाऱ्यावरची उंडी, देशी बदाम, वड, उंबर, जांभूळ, यांच्या बिया लांब नेऊन टाकणाऱ्यांत ही वाघळं असतात. आणि खाडीतली पांढरी चिप्पी, जिला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं, तिची फुलं रात्रीची उघडी असतात, चिप्पीच्या जातीतल्या झाडांचे पराग नेणाऱ्यांत फुलातला मध पिणारी वाघळं येतात. बाकी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, एक वाघूळ तासाला हजार डास खातं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तो प्रयोगशाळेतल्या बंद खोलीतून ताणलेला आकडा आहे. आणि डास खातात ती कौलात राहणारी छोटी वाघळं, म्हणजे पाकोळ्या, तुमच्या वडावरचं मोठं वाघूळ फळं आणि फुलांवर जगतं. लेकीलाही सांगा की वाघळांची बाजू घेताना असले आकडे फेकू नको, एक खोटा निघाला की बाकीच्या खऱ्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता आजार. इथे तुमची भीती मला पटते, आणि लेक जर "काही होत नाही हो बाबा" म्हणत असेल तर ती चुकतेय. निपाह विषाणूचं नैसर्गिक घर ही मोठी फळखाऊ वाघळंच आहेत. २००१ ला सिलिगुडीत, २०१८ ला केरळात कोझिकोडला माणसं गेली. आपल्याकडेही, मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासले तेव्हा काहींमध्ये निपाहच्या अँटीबॉडी मिळाल्या. अँटीबॉडी म्हणजे त्या प्राण्याची कधीतरी या विषाणूशी गाठ पडली होती, तो आत्ता आजार पसरवतोय असा त्याचा अर्थ होत नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखं ते नाहीच.

मग काळजी कुठे घ्यायची? बांगलादेशात पुन्हापुन्हा लागण झाली ती मुख्यतः खजुराचा कच्चा रस पिऊन, रात्री मडक्याला वाघळं तोंड लावतात. म्हणून तुमच्याकडे कोणी माडी काढत असेल तर मडक्याला झाकण किंवा बांबूची जाळी हवी. उष्टं, दात लागलेलं फळ कितीही गोड वाटलं तरी खायचं नाही, पोरांना तर सक्त ताकीद. वडाखाली विहीर असेल तर तिच्यावर झाकण. पडलेलं वाघूळ, जिवंत असो की मेलेलं, उघड्या हाताने उचलायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठून रेबीजचं विचारायचं, हळद लावून घरी बसायचं नाही. वडाखालून नुसतं चालत गेल्याने निपाह होत नाही.

आणि फटाके. भाऊ, इथे मात्र मी पूर्ण तुमच्या लेकीच्या बाजूने आहे. मोठ्या वाघळाला वर्षाला एकच पिल्लू होतं, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, आणि सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला चिकटून असतं. एप्रिलच्या उन्हात दुपारी वडाखाली उभं राहून वर बघा, सगळी पंख हलवत स्वतःला वारा घालत असतात, मधूनच पंख चाटून ओले करतात, आणि एखादीच्या पंखाखालून इवलंसं काळं डोकं बाहेर येतं. तिथे सुतळी बॉम्ब लावला की पिल्लं खाली पडतात, आया सैरभैर उडतात आणि अख्खी वस्ती चार ठिकाणी विखुरते, त्यातली एखादी शाळेच्या चिंचेवर जाऊन बसेल. म्हणजे जिच्या भीतीने हे केलं ती गोष्ट आणखी जवळ आली. ऑस्ट्रेलियात हेन्ड्रा नावाच्या अशाच विषाणूचा खूप वर्षं अभ्यास झालाय, तिथे दिसलं की जंगल आणि अन्न तुटलं की वाघळं माणसांच्या वस्तीकडे सरकतात आणि तेव्हाच लागण वाढते. शिवाय आता कायदाही आहे. पूर्वी फळखाऊ वाघळं, अपवाद सोडले तर, वन्यजीव कायद्यात उंदराच्या पंगतीला उपद्रवी म्हणून होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून मोठं वटवाघूळ संरक्षित प्राण्यांत आलं. ग्रामसभेत हे मुलीने सांगितलं तर "शिकली म्हणून शहाणपणा करते" होईल. तुम्ही सांगा, तुमच्यासारख्या बागायतदाराचं लोक ऐकतील. वनरक्षकाला बोलावून त्याच्या तोंडून वदवलंत तर अजून बरं.

पैशाबद्दल गोड बोलणार नाही. फील्ड असिस्टंटचं मानधन जेमतेमच असतं, सगळीकडे. पुढे एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा, लागली तर २०२३ पासून महिना ३७ हजार फेलोशिप आहे आणि वर घरभाडं, पण ती परीक्षा सोपी नाही आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. फक्त वाघळांवर काम करून पोट भरणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. पण "वाघळं किंवा बी.एड." असं जे तुम्ही दोघांनी मिळून करून ठेवलंय ना, तसं काही नसतं. वन्यजीव शिकलेली मुलं पुढे पवनचक्क्यांच्या सर्व्हेत जातात (पात्यांमुळे वाघळं मरतात, ते मोजायला माणूस लागतो), पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्यांत जातात, आजारांवर काम करणाऱ्या संस्थांत, कॉलेजात शिकवायला, आणि झूलॉजीच्या पदवीवर एमपीएससीची वनसेवा देऊन आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपालसुद्धा होता येतं. शिकायला डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आहे, बंगळुरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे, दोन्हीकडे सीट मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कडक. पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीत एम.एस्सी. होते, ते घरापासून त्या मानाने जवळ. आणि बी.एड.ची सीईटी पुढच्या वर्षीही असणारच आहे, ती कुठे पळून जात नाही.

आता थोडं तिच्याबद्दल, आणि हे पत्र ती वाचणार असं धरून चालते, कारण अशीच पत्रं मला मुलींकडूनही येतात, कोणाला साप, कोणाला कासव, कोणाला समुद्री गोगलगायी. बाळ, वाघूळ आवडणं वेगळं आणि वाघळांचं काम आवडणं वेगळं. रात्री जाळं लावलं की दर थोड्या मिनिटांनी जाऊन बघावं लागतं, अडकलेलं वाघूळ हातमोजे घालून धागा धागा सोडवायचं, कापडी पिशवीत वजन, व्हर्नियर मापकाने हाताच्या हाडाची लांबी, नोंद, आणि सोडून द्यायचं, डास चावत असतात, झोप गेलेली असते आणि अर्ध्या रात्री जाळ्यात एकही येत नाही. आणि ते सगळं वनखात्याची लेखी परवानगी हातात असेल तरच. छोटी वाघळं जे ओरडतात ते आपल्या कानाला बहुतेक ऐकूच येत नाही, ते रेकॉर्ड करून आणायचं आणि मग महिनोन्‌महिने कॉम्प्युटरवर रेघा बघत बसायचं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं नाव दिलेलं एक फळखाऊ वाघूळ आहे, ते १९४८ ला तमिळनाडूतल्या डोंगरात अँगस हटन यांनी पकडलं होतं, आणि मग मुंबईला बीएनएचएस या निसर्ग अभ्यासाच्या संस्थेच्या संग्रहात चुकीच्या नावाखाली पडून राहिलं, १९७२ मध्ये किट्टी थोंगलोंग्या या थायलंडच्या शास्त्रज्ञाने नीट निरखून सांगितलं की बाबांनो हे काहीतरी वेगळंच आहे. शोध लागला तो असा, कपाटाजवळ बसून. हे वाचून तुला कंटाळा आला असेल तर तसं स्वतःशी कबूल कर, त्यात लाज नाही. सहा महिन्यांत ते कळेलच, म्हणून तर मला हे सहा महिने महत्त्वाचे वाटतात, एम.एस्सी.च्या फीपेक्षा ते फार स्वस्तात पडतात.

आणि अजून एक, आजीला वाघूळ पटवून द्यायच्या फंदात पडू नकोस. तिची ऐंशी वर्षांची समजूत तुझ्या पीपीटीने बदलणार नाही, आणि तिची परवानगी तुला लागतही नाही. बाबांची लागते, आणि बाबांचा अडथळा अवदसा हा नाहीच. त्यांना पगार, राहायची जागा आणि रात्रीची सोबत कळलेली नाही. ते कागदावर लिहून दे.

भाऊ, रात्रीची सोबत म्हटलं आणि तुम्ही मान हलवली असणार. पत्रात तुम्ही हे स्पष्ट लिहिलं नाहीत पण "मुलगी आहे, परराज्य आहे" दोन ठिकाणी आलंय. त्या काळजीला मी मागासलेपणा म्हणणार नाही. फक्त काळजी असेल तर "नको" म्हणायच्या आधी प्रश्न विचारा, तेही मुलीला न विचारता प्रोजेक्ट चालवणाऱ्या बाईंना किंवा सरांना थेट फोन करून विचारा. रात्री टीम किती जणांची असते, त्यात दुसरी मुलगी आहे का, गाडी कोण चालवतं, राहायला कुठे, जवळचा दवाखाना किती लांब, विमा आहे का, संस्थेची अंतर्गत तक्रार समिती आहे का (२०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी ती असायलाच हवी). चांगली माणसं या प्रश्नांनी चिडत नाहीत, त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. कोणी उडवाउडवी केली तर तिला तिथे पाठवू नका, आणि कारण हेच सांगा, वाघळांवर ढकलू नका.

राहिलं स्थळ. "झूलॉजी करते" एवढं सांगून थांबलात ना, तिथे मला तुमचा थोडा राग आला. त्या मुलाला लग्नानंतर कळणारच आहे की ही संध्याकाळी झाडाखाली वही घेऊन बसते. त्यापेक्षा आताच फोन करा, म्हणा मुलगी वटवाघळांचा अभ्यास करते, सहा महिने बाहेर जातेय, चालणार असेल तर आल्यावर बोलू. नाही म्हणाले तर एक कांदेपोह्यांचा कार्यक्रम वाचला. आणि कुणी सांगावं, पोराला उलट कौतुकही वाटेल, हल्लीच्या मुलांचं आपल्याला कुठे कळतं.

मी तुमच्या जागी असते तर तिला जाऊ दिलं असतं, पण दोघांनी आधी बसून ठरवून. सहा महिन्यांचा खर्च किती, त्यातला घरातून किती, परत आल्यावर ती प्रवेश परीक्षेला बसणार की नाही, आणि दोन प्रयत्नांत नाही लागलं तर काय. वनसेवा, बी.एड., काहीही, पण ते तिच्या तोंडून येऊ दे.

आणि एक काम आजच करा. तिला विचारा रेबीजची आगाऊ लस सुरू केली का. वाघळं हाताळणाऱ्याने ती कामाला लागायच्या आधी घ्यायची असते, एका डोसात संपत नाही, मध्ये दिवस जावे लागतात. प्रोजेक्टवाले तिथे गेल्यावर देणार आहेत का, खर्च कोणाचा, आणि ती पूर्ण होईपर्यंत तिला वाघळाला हात लावू देणार नाहीत ना, हेही त्या फोनवर विचारून घ्या. देवगडला मिळाली नाही तर कणकवली किंवा ओरोसला चौकशी करा, आणि कार्डाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा.